सिनेमातल्या वस्तूंचं प्रदर्शन सांगलीत आलंय. माणशी ३५० रुपये घालवावेत का?

कृष्णाकाठची
परवा पेपरातून एक चकचकीत पॅम्फ्लेट खाली पडलं आणि नेमकं धाकट्याच्या हाताला लागलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. परदेशी सिनेमांतल्या वस्तूंचं फिरतं प्रदर्शन विश्रामबागेत एका हॉलमध्ये लागलंय, बारा दिवस आहे. हेल्मेटं, तलवारी, जादूगारांच्या कांड्या, राण्यांचे झगे, डायनासोरचं एक मुंडकं. तिकीट ३५०, पाच वर्षांवरच्या सगळ्यांना पूर्ण. आम्ही दोघं, थोरली (१३), धाकटा (८) आणि सासूबाई, म्हणजे १७५० झाले. रिक्षा आणि बाहेर आल्यावरचं आइस्क्रीम वेगळं.

तेवढ्यानं भिकेला लागणार नाही, पण पॅम्फ्लेटच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 'पडद्यावरच्या अस्सल वस्तू' आणि मागे, प्रिंटरच्या नावाच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत 'निवडक प्रतिकृतींसह'. हे 'निवडक' म्हणजे किती, ते कुठेच नाही. फोन करून विचारलं, तर उचलणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, सहा सेल्फी पॉइंट आहेत." मी विचारते काय, तो सांगतोय काय.

कोणी असलं प्रदर्शन दुसऱ्या गावात पाहिलंय का? नवरा म्हणतो यूट्यूबवर फुकट दिसतं. सासूबाईंनी अजून मत दिलेलं नाही, आणि आमच्याकडे तीच काळजीची गोष्ट असते.

भडंगबाज
१७५० मध्ये भडंग किती येतील याचा हिशोब लावून बघा एकदा. वर्षभर प्रदर्शन मांडून बसता येईल घरात.

चाकणकर_मूळचा_मिरजेचा
ताई, मी पाहिलंय. हेच होतं का माहीत नाही, पण साधारण असंच, पुण्यात एका मॉलच्या वरच्या मजल्यावर. आत काळे पडदे, निळे दिवे, धूर सोडणारं मशीन. लग्नात नवरानवरीच्या एन्ट्रीला सोडतात ना, तसला धूर. पाट्यांवर फक्त सिनेमाचं नाव आणि साल. ही वस्तू पडद्यावर होती, की शूटिंगसाठी केली पण वापरली नाही, की परवा कारखान्यात काढली, याबद्दल अवाक्षर नाही. एका हेल्मेटला कानामागे साच्याची शिवण जशीच्या तशी होती, प्लास्टिकच्या बादलीला असते तशी. तिथल्या पोराला दाखवली तर म्हणाला, "सर, काचेला हात लावू नका."

पाऊण तासात बाहेर, आणि बाहेरचा रस्ता दुकानातूनच. मुलाने ६०० रुपयांची कांडी घेतली, ती गाडीत बसेपर्यंत मोडली. माझं मत: नाही.

हरिपूरचं_पेव
+१. शिवाय ह्या दिवसांत हॉलमध्ये एसी नसेल तर काही खरं नाही.

पडदामागे
मी तासगावचा, गेली अकरा वर्षं मुंबईत सिनेमाच्या आर्ट डिपार्टमेंटला, म्हणजे सेट आणि त्यावरच्या वस्तू करणाऱ्यांत आहे. थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

'अस्सल' हा शब्द आमच्या धंद्यात फार लवचिक आहे. एकाच तलवारीचे अनेक नग असतात. एक हिरो प्रॉप, म्हणजे क्लोजअपला दिसणारा, धातूचा, नक्षीकाम केलेला, महाग. मारामारीसाठी रबराचे किंवा फोमचे, कारण फाइटरच्या बरगडीत कोणी खरं पातं घालत नाही. आणि मागे उभ्या असलेल्या दोनशे सैनिकांच्या हातात साध्या एफआरपीच्या (फायबरग्लासच्या), एका बाजूनेच रंगवलेल्या. हे सगळे नग अस्सलच. पण हिरो प्रॉप बघायला मिळणार म्हणून गेलात आणि दोनशेतला एकशे सदतिसावा बघून आलात, तर फसल्यासारखं वाटणारच.

अस्सल ओळखायचं कसं? बाहेर लिलाव करणारे लोक सिनेमाची एक एक फ्रेम थांबवून वस्तूवरचा ओरखडा, लाकडाची रेघ, रंगाचा ओघळ जुळवतात. यंत्राने काढलेल्या हजार कांड्यांत असा फरक नसतो, हाताने केलेल्यात असतोच. एक उदाहरण सांगतो. १९३९ सालच्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मध्ये नायिकेचे लाल टिकल्यांचे बूट आहेत. त्याचे बरेच जोड केले होते, त्यातले चार शिल्लक आहेत असं धरतात. एक अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एक २००५ मध्ये एका छोट्या संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८ मध्ये सापडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरच्या बोलीला गेला, कमिशन वेगळं. गंमत म्हणजे सापडलेला जोड तपासताना कळलं की स्मिथसोनियनचा एक आणि ह्यातला एक, अशी अदलाबदल झालेली आहे. दोन्हीकडे विजोड बूट! आणि स्मिथसोनियनमधल्या बुटांच्या तळव्यांना फेल्ट लावलेलं आहे. नाचताना लाकडी फळ्यांवर टकटक होऊ नये म्हणून. मला बुटांपेक्षा ते फेल्ट जास्त आवडतं. कुणीतरी सेटवर खाली बसून, कात्रीने कापून चिकटवलं असणार.

तेव्हा ताई, दारावर एकच प्रश्न विचारा: "पाटीवर वापरलेली आणि प्रतिकृती वेगळं लिहिलंय का?" हो म्हणाला तर जा.

भडंगबाज
दोन कोटी ऐंशी लाख डॉलर. भडंगाचा हिशोब सोडून दिला.

रिकामटेकडा_प्राध्यापक
पडदामागे, प्रतिसाद उत्तम, पण गृहीतकच मला पटत नाही. सिनेमा म्हणजे मुळात खोटं. खोट्या राजाच्या हातातली खोटी तलवार. तिची 'अस्सल खोटी' आणि 'नक्कल खोटी' अशी वर्गवारी करायची आणि पहिलीसाठी ३५० रुपये मोजायचे, यात भाबडेपणा नाही का?

लॉस एंजेलिसला ऑस्करवाल्यांचं संग्रहालय २०२१ मध्ये उघडलं. तिथे जिन्यावर 'जॉज'चा शार्क टांगलाय, सगळ्यांत जास्त फोटो त्याचेच. आता खरी गोष्ट: सिनेमातले मासे शूटिंगनंतर कुजून गेले. हा फायबरग्लासचा, त्याच साच्यातून नंतर काढलेला, स्टुडिओत पर्यटकांना फोटो काढायला टांगलेला, आणि पुढे कित्येक वर्षं भंगारवाल्याच्या अंगणात पडून होता. पडद्यावर क्षणभरही आलेला नाही. तरी तो तिथे मानाने आहे.

पडदामागे
प्राध्यापक, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे की. हा सिनेमात नव्हता, साचा तोच होता, भंगारातून आणून दुरुस्त केला, हे सगळं ते संग्रहालय स्वतः सांगतं. म्हणूनच तुम्हाला माहीत आहे. माझी हरकत नकलेला नाहीच. फोम लॅटेक्सचे मुखवटे काही वर्षांत कडक होतात, मग त्यांचा भुगा पडतो. जुना राक्षस दाखवायचा तर नव्याने ओतावाच लागतो. पण तसं लिहा ना बाबांनो.

अजिंक्यताऱ्याखाली
खरंखोटं हा विषय निघालाच आहे तर साताऱ्याचं सांगतो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांसाठी म्हणून आली आणि पहिल्यांदा आमच्याकडे, छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली. मी आईला घेऊन रांगेत होतो. पुढे पाचवीची पोरं, मागे कोरेगावकडची वारकरी मंडळी. ती वाघनखं ज्या पेटीतून आली तिच्यावर लिहिलंय की ही साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा तिथला प्रतिनिधी, असताना ग्रँट डफला पेशव्यांच्या प्रधानाने दिली. अफझलखानाच्या वेळची हीच का, याची खात्री करता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच म्हणतं. इतिहासकारांत त्यावरून पेपरात जुंपली होती.

आईला हे सगळं मी रांगेत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं. आता पुढे सरक." काचेपुढे गेल्यावर तिने हात जोडले. मीही जोडले.

मावळा_गडी
महाराजांच्या वाघनखांची तुलना सिनेमाच्या रबरी तलवारीशी??? शब्द मागे घ्या.

अजिंक्यताऱ्याखाली
दादा, वस्तूंची तुलना केलीच नाही. पाटीची केली. वस्तूबद्दल जेवढं माहीत आहे तेवढंच त्यांनी सांगितलं आणि पुढचं आमच्यावर सोडलं. हात जोडले हे लिहिलंय वर, परत वाचा.

मावळा_गडी
वाचलं. ठीक आहे. पण शीर्षकात प्रदर्शन म्हटलंय आणि मध्येच हा विषय, म्हणून खटकलं.

मेणवलीची_घंटा
मी वाईची. माझा सल्ला: १७५० रुपयांत पेट्रोल टाका आणि मेणवलीला या. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, देवळापाशी टांगलेली पोर्तुगीज घंटा. 'स्वदेस' (२००४) इथलाच. सिनेमातलं सगळं जागेवर आहे, काच नाही, धूर नाही, हात लावला तर कोणी ओरडत नाही. वाईत तर इतकी शूटिंगं होतात की घाटावर पोलिसांची गाडी दिसली तर आम्ही आधी विचारतो, खरी का सिनेमातली?

हरिपूरचं_पेव
सांगलीहून वाई म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर. आइस्क्रीमची दोनदा वेळ होईल.

नाट्यपंढरीतला_म्हातारा
दोन दिवस नुसता वाचत होतो. आता राहवत नाही.

ज्या गावात १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्या गावातल्या पोरांना प्रॉपर्टी (नाटक-सिनेमात वापरायच्या वस्तू) म्हणजे काय हे ३५० रुपये देऊन बघावं लागतं, याची मौज वाटली. रागावत नाही हो ताई, खरंच मौज वाटली.

माझे थोरले काका एका हौशी नाटक मंडळीत प्रॉपर्टी सांभाळायचे. त्यांची पत्र्याची ट्रंक आमच्या माळ्यावर आहे. त्यात भीमाची गदा आहे. ती कशाची, सांगा? मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणलेल्या तडा गेलेल्या भोपळ्याची. सतारीला चालत नाही म्हणून टाकून दिलेला भोपळा काकांनी मागून आणला. त्याला वेळूची दांडी बसवली, वरून रद्दी कागदाचा लगदा, मेथ्या वाटून घातलेला, म्हणजे कीड लागत नाही. वाळल्यावर पिवडी, आणि पट्ट्यांना बेगड. प्रेक्षकांच्या बाजूलाच बेगड हो. भीमाच्या बाजूला नुसता कागद, त्यावर अजून एका जाहिरातीतली 'दंतमं' एवढी अक्षरं वाचता येतात. काका भीमाला रोज बजावायचे, "गदा फिरवू नकोस, मंजन दिसेल."

२००५ च्या पुरात ट्रंक पाण्यात गेली. दुर्योधनाचा मुकुट लगदा होऊन तळाशी बसला. गदा तरंगली. भोपळाच तो.

कृष्णाकाठची
काका!! हे वाचून मी ऑफिसात हसले, साहेबांनी केबिनमधून बघितलं.

पडदामागे
काका, एका बाजूनेच रंगवायची पद्धत आमच्याकडे आजही तशीच आहे. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. मेथ्यांचं मात्र नवीन कळलं, आम्ही फेव्हिकॉलवाले.

करवीरकर
प्रॉपर्टी बघायचीय आणि कोल्हापूरचं कोणी नावच घेत नाही? नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी इथे कॅमेरा तयार केला, १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथेच सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली. तुमच्यापासून पन्नास किलोमीटरवर सिनेमा जन्मला आणि तुम्ही प्लास्टिकच्या कांड्या बघताय. नाद करा पण...

हरिपूरचं_पेव
आला का नाद. बाबूरावांबद्दल आदर आहेच, पण त्या काळातल्या वस्तू आज कोल्हापुरात कुठे बघायला मिळतात तेवढं सांगा. मग निघतो.

करवीरकर
हा घाव वर्मी लागला. स्टुडिओच्या जागेसाठी आंदोलनं करावी लागली आमच्याकडे, वस्तूंचं काय घेऊन बसलात.

पडदामागे
मूळ दुखणं सांगतो. आपल्याकडे प्रॉपर्टी भाड्याची असते. सिंहासन आज ह्या सिनेमात लाल, पुढच्या महिन्यात दुसऱ्या मालिकेत सोनेरी, त्यानंतर कुणाच्या तरी लग्नात स्टेजवर. एकाच खुर्चीवर रंगाचे नऊ थर मी स्वतः खरवडले आहेत. जपायचं कोणी आणि कुठल्या रंगात? कपडेपटाचंही तेच, उसवून पुन्हा शिवतात. मुंबईत पेडर रोडला गुलशन महालात भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय जानेवारी २०१९ मध्ये उघडलं, ते चांगलं आहे, मुलांना घेऊन जरूर जा. पुण्यात प्रभातची वास्तू एफटीआयआयमध्ये आहे. पण आपल्या सिनेमातल्या वस्तू घेऊन गावोगाव फिरणारं कोणी नाही.

अजिंक्यताऱ्याखाली
गावोगाव फिरणारा सिनेमाच होता पूर्वी. अवांतर आहे, पण लिहितोच. पुसेगावच्या यात्रेत तंबूचं थिएटर लागायचं. ट्रकवर मशीन, मध्ये पांढरा पडदा, आणि गर्दी झाली की आम्ही पोरं पडद्याच्या उलट्या बाजूला जाऊन बसायचो. तिकडून सगळं उलटं दिसायचं. पाट्या वाचता यायच्या नाहीत आणि हिरो डावखुरा. मोठेपणी टीव्हीवर तोच सिनेमा पाहिला तर हा उजव्या हाताने मारतोय! मला आधी तीच नक्कल वाटली.

भडंगबाज
ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट). हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. म्हाताऱ्याची गदा दुसरी.

मिरजमळा
सगळं झालं, पण धागालेखिका गेल्या का नाही प्रदर्शनाला? शेवटचे तीन दिवस राहिलेत.

कृष्णाकाठची
गेलो! काल दुपारी, गर्दी नसताना. सविस्तर लिहिते.

पडदामागेंचा प्रश्न दारावर विचारला. तिकीटवाला मुलगा गोंधळला, पण आतून एक बाई आल्या, त्या बहुतेक व्यवस्था बघणाऱ्या. म्हणाल्या, पाटीवर कोपऱ्यात लाल टिकली असेल ती शूटिंगमध्ये वापरलेली, बाकी प्रतिकृती. हे पॅम्फ्लेटवर छापायला काय झालं होतं, असं विचारलं तर हसल्या. थोरलीने मोजलं: ५८ वस्तू, लाल टिकल्या १४. बाकीच्या ४४ ना 'निवडक' म्हणायची पद्धत असावी.

डायनासोरचं मुंडकं प्रतिकृती. धाकट्याला काही फरक पडला नाही, तो त्याच्यापुढे वीस मिनिटं होता. चाकणकर, धूर होता. एसी पण होता. आणि टिकलीवाली एक तलवार काचेत आडवी ठेवलेली, तिचं टोक मेणबत्तीसारखं खाली वाकलेलं. रबराची! नवऱ्याने यूट्यूबचं नाव काढलं नाही त्यानंतर.

पण खरी गंमत सासूबाईंची. त्या सगळीकडे नुसत्या हूं हूं करत होत्या. शेवटच्या दालनात राण्यांचे दोन झगे होते, पुतळ्यांना घातलेले, एक हिरवा, एक किरमिजी. हिरव्याला टिकली होती, किरमिजीची पाटी खाली पडलेली. सासूबाई आयुष्यभर शिवणकाम करत आल्या आहेत. त्या पुढून बघेनातच, काचेच्या बाजूने वाकून मागे बघायला लागल्या. मग मला बोलावलं.

"ह्या हिरव्याला गळ्याच्या आतून बघ. अस्तर पिवळं पडलंय, घाम आहे तो. काखेत उसवून पुन्हा टाके घातलेत, दोरा वेगळा आहे. बाई जाडी झाली असेल मध्येच. आणि हा किरमिजी कोरा आहे. कोणाच्या अंगाला लागलेला नाही."

त्या व्यवस्थेवाल्या बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. पडलेली पाटी उचलून बघितली. टिकली नव्हती. मग त्यांनी आपणहून सासूबाईंना हिरव्या झग्याच्या मागच्या बाजूला नेलं, तिथे दोरी ओढली होती ते दाखवलं, आणि दोघी तिथे 'शिवणीत मायेला किती जास्त कापड धरायचं' यावर दहा मिनिटं बोलत होत्या. एकीला मराठी अर्धवट, दुसरीला हिंदी अर्धवट.

घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "तीनशे पन्नास जास्तच आहेत." मग गणपती मंदिर येईपर्यंत गप्प. मग, "टाके बारीक होते पण."

चाकणकर_मूळचा_मिरजेचा
माझं 'नाही' मागे घेतो. पुढच्या वेळी तुमच्या सासूबाईंना घेऊन जाईन.

रिकामटेकडा_प्राध्यापक
घामाच्या डागाला माझ्याकडे उत्तर नाही. पण ४४ प्रतिकृतींचे पैसे पूर्ण घेतले याला आहे, आणि ते मी व्यवस्थापनाला ईमेलने कळवणार आहे.

पडदामागे
वेगळा दोरा पकडला! आजींना आमच्याकडे पाठवा, कंटिन्यूइटीला, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात तसंच आहे ना हे बघायला, माणूस पाहिजेच आहे.

कृष्णाकाठची
नाट्यपंढरीतले काका, धाकट्याने तुमचा प्रतिसाद माझ्याकडून तीनदा वाचून घेतलाय. रविवारी गदा बघायला आलो तर चालेल का? सासूबाईपण येतील म्हणतात, मुकुटाला कोणतं कापड होतं ते विचारायचंय त्यांना.

नाट्यपंढरीतला_म्हातारा
अवश्य या. दुपारी चारनंतर, तोवर मी झोपलेला असतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. ट्रंक शनिवारीच उन्हात काढून ठेवतो, वास येतो तिला पुराचा अजून. धाकट्याला गदा उचलू द्या खुशाल, पण आधी सांगून ठेवा की वजन काहीच नाही. मागच्या दिवाळीत नातवाने भीमाच्या आवेशात दोन्ही हातांनी ओढली, ती थेट पंख्याला लागली. एक पातं अजून वाकडं आहे.

भडंगबाज
भडंग मी आणतो.